क्लेम मेव्हण्याचा, पॉलिसी आपली

ब्रिटनमधल्या मराठी घरांत गाडीच्या इन्शुरन्सचं रिन्यूअल जवळ आलं की एक वाद हमखास रंगतो. पॉलिसी आपल्या नावावर आहे, मेव्हण्याचं नाव नेम्ड ड्रायव्हर म्हणून, म्हणजे आपल्या पॉलिसीवर तीच गाडी चालवणारा दुसरा माणूस म्हणून, घालायचं आहे, आणि त्याने तीन वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या गाडीवर क्लेम केलेला आहे. तो क्लेम आपल्या फॉर्मवर लिहायचा का? एक पक्ष म्हणतो, क्लेम त्याचा, पॉलिसी त्याची, कंपनीसुद्धा दुसरी. आपला काय संबंध? दुसरा पक्ष म्हणतो, विमा म्हणजे परम विश्वासाचा करार, त्यात विचारलेलं आणि न विचारलेलं सगळंच सांगून टाकायचं असतं. या वादात दोन्ही बाजू चुकीची हत्यारं घेऊन भांडतात. मेव्हण्याचा क्लेम लिहायचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो 'सगळं सांगावं' म्हणून लिहायचा नसतो, कारण तसा नियम ग्राहकांसाठी आता उरलेलाच नाही. तो लिहायचा कारण कंपनीने नेमकं तेच विचारलेलं असतं. आणि याच कारणामुळे कंपनीवरही एक जबाबदारी येते, जी या वादात कुणी तिच्या पदरात घालत नाही.

पहिल्या पक्षाचं म्हणणं कुठून येतं हे समजून घ्यायला हवं, कारण त्यामागे लबाडी कमी आणि सवय जास्त आहे. भारतात गाडीचा विमा गाडीला आणि मालकाला चिकटलेला असतो. वैध लायसन्स असलेला कोणीही मालकाच्या परवानगीने गाडी चालवतो. भाचा चालवतो, पगारी ड्रायव्हर चालवतो, पॉलिसीवर त्यांची नावं नसतात. नो क्लेम बोनस 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जातो तो मालकाचा, आणि गाडी त्या वर्षी कोणी ठोकली यावर तो ठरत नाही, क्लेम झाला की नाही यावर ठरतो. अशा पद्धतीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'दुसऱ्या ड्रायव्हरचा इतिहास' हा प्रश्नच परका वाटतो. ब्रिटनमध्ये मात्र कंपनी प्रीमियम ठरवताना गाडीइतकंच माणसांकडे बघते. पॉलिसीवर ज्याचं नाव असेल तोच सहसा ती गाडी चालवू शकतो, आणि ज्याचं नाव घालाल त्याचं वय, व्यवसाय, लायसन्स किती वर्षांचं, दंडाचे पॉइंट किती आणि मागचे अपघात किती, या सगळ्याचा हिशोब प्रीमियममध्ये येतो. नेम्ड ड्रायव्हरचं नाव घातल्याने प्रीमियम कधी खालीही येतो. बायकोचा वीस वर्षांचा स्वच्छ अनुभव दाखवून मिळालेली सूट आपण बिनतक्रार घेतो ना? मग मेव्हण्याच्या अपघाताने वाढलेला प्रीमियम तेवढा 'असंबद्ध' कसा?

आता प्रश्न प्रत्यक्षात कसा विचारला जातो ते बघू. कंपन्यांची शब्दरचना थोडीफार वेगळी असते, पण आशय साधारण असा: या ड्रायव्हरला गेल्या पाच वर्षांत कोणताही अपघात, क्लेम किंवा नुकसान झालं आहे का, चूक कोणाचीही असो, क्लेम केलेला असो वा नसो. काही कंपन्या तीनच वर्षांचं विचारतात. यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. 'या ड्रायव्हरला' म्हणजे माणसाला; कोणत्या गाडीवर, कोणाच्या पॉलिसीवर याला अर्थ नाही. मित्राची गाडी चालवताना, कंपनीच्या गाडीत, सुट्टीत भाड्याने घेतलेल्या गाडीत झालेला अपघातही यात आला. 'चूक कोणाचीही असो' म्हणजे सिग्नलला उभं असताना मागून कोणी येऊन धडकलं असेल, तरी तो आला. 'क्लेम केलेला असो वा नसो' म्हणजे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या दाराला ओरखडा गेला आणि जागच्या जागी दोनशे पौंड देऊन मिटवलं, तेही आलं. प्रश्नात देशाचं नाव नसेल, तर पुण्यात असताना केलेला क्लेमसुद्धा आला. तीन महिन्यांसाठी आलेल्या वडिलांना गाडी चालवता यावी म्हणून त्यांचं नाव घालताना हे हमखास विसरलं जातं. आणि पाच वर्षं मोजायची ती सहसा घटनेच्या तारखेपासून; पैसे मिळाले किंवा फाइल बंद झाली त्या तारखेपासून नाही.

'फॉल्ट' आणि 'नॉन-फॉल्ट' या शब्दांनीही घोळ होतो. विम्याच्या भाषेत फॉल्ट म्हणजे नैतिक चूक नव्हे. कंपनीने भरलेले पैसे तिला दुसऱ्या कोणाकडून पूर्ण वसूल करता आले की तो क्लेम नॉन-फॉल्ट, नाहीतर फॉल्ट. रात्री दारासमोरून गाडी चोरीला गेली, चोर सापडला नाही, तर तो फॉल्ट क्लेम. तुम्ही झोपलेले असलात तरी. दोन कंपन्यांचा वाद अजून चालू असेल तर निकाल लागेपर्यंत तो उघडा क्लेम म्हणून फॉल्टमध्येच धरला जातो. म्हणून मेव्हणा 'माझी चूक नव्हती' म्हणाला, की आपण 'नॉन-फॉल्ट' निवडून मोकळं व्हायचं, असं चालत नाही. त्याला विचारायचं ते हे, की त्याच्या कंपनीला पैसे परत मिळाले का, आणि फाइल बंद झाली का.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. 'परम विश्वासाचा करार' या शब्दांमागे अडीचशे वर्षांची परंपरा आहे, आणि ती बहुतेक वेळा उलटी सांगितली जाते. 1766 साली न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे कार्टर विरुद्ध बोह्म हा खटला चालला. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथला गव्हर्नर कार्टर याने परकीय शत्रू किल्ला घेईल या जोखमीवर लंडनमध्ये विमा उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा बोह्म म्हणाला, किल्ला कमकुवत आहे आणि फ्रेंच येण्याची शक्यता आहे हे कार्टरने लपवलं. विमा घेणाऱ्याने त्याला ठाऊक असलेल्या महत्त्वाच्या गोष्टी सांगाव्यात, हे तत्त्व मॅन्सफिल्ड यांनी याच निकालात मांडलं. पण निकाल कोणाच्या बाजूने गेला? कार्टरच्या. कारण विमा देणाऱ्याला परिस्थिती माहीत होती किंवा त्याला ती विचारता आली असती, आणि त्याने काही न विचारता प्रीमियम घेतला होता. ज्या खटल्यातून ग्राहकाच्या गळ्यात हे ओझं आलं असं सांगितलं जातं, त्या खटल्यात हरला होता विमा विकणारा.

पुढच्या काळात या निकालाचा पहिला अर्धा भाग वाढत गेला आणि दुसरा झाकला गेला. 1906 च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टने असं ठरवलं, की शहाण्या विमा कंपनीच्या निर्णयावर परिणाम करेल अशी प्रत्येक गोष्ट ग्राहकाने आपणहून सांगायची. कायदा जहाजांचा, पण न्यायालयांनी तेच तत्त्व घराला, गाडीला, आयुर्विम्याला लावलं. बंदरातल्या व्यापाऱ्याला, ज्याला आपल्या मालाची खडान्‌खडा माहिती होती, हा नियम शोभला असेल. बसमध्ये काम करून घरी आलेल्या आणि स्वयंपाकघरात बसून फॉर्म भरणाऱ्या माणसाला कंपनीच्या मनात काय महत्त्वाचं आहे हे कसं कळावं? न विचारलेलं सांगितलं नाही म्हणून क्लेम नाकारले जात. ही अवस्था संपली ती 2012 च्या कायद्याने, जो 6 एप्रिल 2013 पासून लागू झाला. ग्राहकाची आपणहून सांगण्याची सक्ती त्या दिवशी गेली. तिच्या जागी एवढंच आलं: विचारलेल्याचं उत्तर देताना चुकीची माहिती जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची. म्हणून 'सगळं सांगून टाका' म्हणणारे जुना कायदा सांगत आहेत. आणि 'मला काय ठाऊक ते महत्त्वाचं आहे' म्हणणारे नव्या कायद्याचा अर्धाच भाग वाचत आहेत. कारण प्रश्न स्पष्ट आणि नेमका असेल, तर तो मुद्दा कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे हे तुम्हाला कळत होतं, असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायचं तुम्ही.

चुकीचं उत्तर दिलं तर नेमकं काय होतं? इथे भीती घालणारे आणि धीर देणारे दोघेही आकडे न मांडता बोलतात. समजा निष्काळजीपणाने मेव्हण्याचा क्लेम लिहायचा राहिला आणि 600 पौंडांत पॉलिसी मिळाली. खरं सांगितलं असतं तर कंपनीने 800 घेतले असते. म्हणजे तुम्ही तीन चतुर्थांश प्रीमियम भरला. अपघातात गाडीचं 9,000 पौंडांचं नुकसान झालं, तर कंपनी तेवढ्याच प्रमाणात, 6,750 पौंड देऊ शकते. एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण स्वतः भरायचा भाग, बाजूला ठेवू. 200 पौंड वाचवताना 2,250 गेले. खरी माहिती कळली असती तर कंपनीने पॉलिसीच दिली नसती, असं असेल तर ती करार रद्द करून क्लेम नाकारू शकते, पण तिला प्रीमियम परत करावा लागतो. आणि उत्तर जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं दिलं हे तिने सिद्ध केलं, तर करार पहिल्या दिवसापासून रद्द, क्लेम नाही आणि सहसा प्रीमियमही परत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरं, की त्या माहितीने दर किंवा अटी बदलल्याच नसत्या तर कंपनीला काहीही करता येत नाही. ते दाखवून देणं तिचं काम आहे, आणि तक्रार करताना हाच मुद्दा आधी विचारावा: खरं उत्तर दिलं असतं तर तुम्ही किती आकारलं असतं, ते कागदावर दाखवा.

ज्याला आपली गाडी धडकली त्याला मात्र पैसे मिळतात. कंपनीने अपघातानंतर पॉलिसी रद्द ठरवून त्याच्याबाबतची जबाबदारी झटकण्याची वाट 1 नोव्हेंबर 2019 पासून बंद झाली आहे. पण कंपनी ते पैसे आपल्याकडून वसूल करायला येऊ शकते, आणि जखमी माणसाची भरपाई म्हणजे गाडीच्या दाराचा खर्च नव्हे. शिवाय एकदा पॉलिसी रद्दबातल ठरली की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'तुमचा विमा कधी रद्द झाला आहे का' या प्रश्नाला हो म्हणावं लागतं. तिथे सहसा पाच वर्षांची मर्यादा नसते, आणि घराच्या विम्याच्या फॉर्मवरही तो प्रश्न भेटतो.

आता विरोधी मुद्द्यांपैकी जे खरोखर वजनदार आहेत ते घेऊ. पहिला: कंपन्यांकडे सगळी माहिती असताना त्या विचारतातच कशाला? 1994 पासून 'क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज' नावाची नोंदवही आहे, तिला बोलताना 'क्यू' म्हणतात. मोटर इन्शुरर्स ब्युरो ही विमा कंपन्यांची संस्था ती चालवते आणि कंपन्या आपल्याकडचे क्लेम आणि कळवलेल्या घटना तिच्यात घालतात. मुद्दा रास्त आहे, आणि मी त्याकडे परत येणार आहे. पण ही नोंदवही पूर्ण नाही. पुण्यातला अपघात तिच्यात नाही, रोख देऊन मिटवलेला ओरखडा नाही. आणि जे आहे ते नाव, जन्मतारीख, पत्ता जुळवून शोधलं जातं. इथे आपल्या नावांची गोष्ट येते. एका पॉलिसीवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतरच्या पॉलिसीवर नवऱ्याचं, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, लायसन्सवर सासरचं. शिवाय 'क्षीरसागर' इंग्रजीत तीन घरांत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. नोंद सापडत नाही, किंवा कोट (प्रीमियमचा देऊ केलेला आकडा) घेताना सापडत नाही आणि क्लेमच्या वेळी कोणी हाताने शोधलं की सापडते. कंपनीला माहीत असेलच या भरवशावर गप्प बसणं म्हणजे संगणकाने आपलं आडनाव बरोबर ओळखलं असेल यावर नऊ हजार पौंड लावणं.

दुसरा मुद्दा: ज्या अपघातात आपली चूक नव्हती त्याने प्रीमियम का वाढावा? मलाही हे अन्यायकारक वाटतं. उभ्या गाडीला मागून धडक बसलेल्या माणसाने पुढची पाच वर्षं जास्त पैसे का भरावेत, याचं समाधान होईल असं उत्तर कंपन्या ग्राहकाला देत नाहीत. पण हे भांडण दर कसे ठरतात याच्याशी आहे, फॉर्मवरच्या उत्तराशी नाही. स्त्री आणि पुरुषांना वेगळे दर लावणं युरोपीय न्यायालयाच्या 2011 च्या निकालाने 21 डिसेंबर 2012 पासून बंद झालं. जुन्या ग्राहकाला रिन्यूअलला नव्यापेक्षा महाग दर लावण्याची चाल नियामकाने 1 जानेवारी 2022 पासून बंद केली. यातला एक तरी बदल लोकांनी फॉर्मवर खोटं लिंग किंवा खोटी तारीख लिहून झाला का? नॉन-फॉल्ट अपघातावरचा भार काढायचा असेल तर रस्ता तोच आहे. फॉर्मवर 'नाही' लिहिल्याने तो भार कमी होत नाही, फक्त अपघात होईपर्यंत दिसत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. दुसऱ्या सज्ञान माणसाच्या इतिहासाची हमी मी का द्यावी? मेव्हण्याने मला खरं सांगितलंच नाही तर? आपल्याकडे तर पाहुण्याला असं विचारणंच जड जातं. सासऱ्यांना 'तुमचे अपघात किती' असं विचारायला कोणत्या जावयाची जीभ रेटेल? करार पॉलिसीधारकाशी असल्यामुळे ही अडचण खरी आहे. पण कायद्याने हमी मागितलेलीच नाही, वाजवी काळजी मागितली आहे. तुम्ही नीट विचारलं, त्याने 'काही नाही' सांगितलं, आणि संशय घ्यायला कारण नव्हतं, तर तुम्ही काळजी घेतलीत असं म्हणायला चांगला आधार उरतो. न विचारताच 'नाही' वर टिचकी मारलीत, तर नाही. म्हणून विचारायचं, आणि लिहून विचारायचं. फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवावा: 'मामा, फॉर्मवर हे विचारलंय. पाच वर्षांत काही झालं असेल तर तारीख, काय झालं, किती पैसे गेले आणि फाइल बंद झाली का, एवढं कळवा.' प्रश्न कंपनीचा आहे हे दिसलं की संकोच निम्मा होतो, आणि उत्तर तारखेसह फोनमध्ये राहतं.

त्याला स्वतःलाच नक्की आठवत नसेल तर मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे अर्ज करून त्याला स्वतःच्या नोंदी मागवता येतात. पैसे पडत नाहीत, ओळखपत्र लागतं, आणि उत्तर महिन्याभरात यायला हवं, म्हणून रिन्यूअलच्या आदल्या दिवशी नव्हे, सहा आठवडे आधी अर्ज टाकावा. अर्ज ज्याचा इतिहास त्यानेच करायचा. भावोजींनी मेव्हण्याच्या वतीने नव्हे. नोंद चुकीची निघाली, मिटलेला क्लेम अजून उघडा दिसत असेल, तर ज्या कंपनीने ती घातली तिच्याकडून दुरुस्त करून घ्यावी लागते. पॉलिसी घेतल्यावर चूक लक्षात आली तर लगेच फोन करावा. फरकाचे पैसे आणि थोडं शुल्क लागेल, पण अपघाताच्या आधी सांगितलेली दुरुस्ती आणि अपघातानंतर सापडलेली चूक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या 14 दिवसांत पॉलिसी परत करण्याचाही हक्क असतो. प्रीमियम परवडतच नसेल तर त्याचं नाव काढावं. मात्र मग त्याने ती गाडी विमानतळापर्यंतही न्यायची नाही.

रिन्यूअलला विशेष जपावं लागतं. पत्रासोबत गेल्या वर्षीची माहिती छापून येते आणि 'बदल असल्यास कळवा' असं लिहिलेलं असतं. मधल्या काळात मेव्हण्याने त्याच्या गाडीवर क्लेम केला असेल आणि आपण ते पत्र न वाचता टेबलाच्या खणात टाकलं, तर ते गप्प राहणंही चुकीची माहिती देणं ठरू शकतं. कायद्यात तशी तरतूद आहे.

आणि आता कंपन्यांकडे. दरांची तुलना करणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर लायसन्सचा नंबर टाकला की सरकारी नोंदीतून दंडाचे पॉइंट तपासले जातात. 2014 पासून ती सोय आहे. मग 'क्यू'मधली नोंद कोट देतानाच त्या ड्रायव्हरला दाखवून 'हे बरोबर आहे का' असं का विचारलं जात नाही? नोंद जवळ असताना प्रीमियम घ्यायचा आणि तीच नोंद अपघातानंतर बाहेर काढायची, हे वागणं 1766 मध्ये बोह्मला महागात पडलं होतं. उत्तर आधीच 'नाही' भरून ठेवायचं आणि त्यावर खूण करून पुढे जाऊ द्यायचं, प्रश्न बारीक अक्षरांतल्या गृहीतकांच्या यादीत दडवायचा, 'तुम्ही किंवा कोणीही ड्रायव्हर' असं एका दमात विचारून चार माणसांचा इतिहास एका बटणात कोंबायचा, या सगळ्याला स्पष्ट आणि नेमका प्रश्न म्हणता येत नाही. प्रश्न किती स्पष्ट होता हे काळजी मोजताना बघावंच लागतं, असं 2012 चा कायदाच सांगतो. म्हणून फॉर्म भरताना त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा. क्लेम कापला किंवा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिला आठ आठवडे मिळतात. तिचं शेवटचं उत्तर पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या ग्राहक आणि कंपनीतला वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे जायचं, तिथे ग्राहकाला फी नाही. सोबत तो स्क्रीनशॉट आणि मेव्हण्याला पाठवलेला संदेश जोडायचा.